राखीवची साक्ष

नाटक कंपनीत त्याला सगळे ‘राखीव’ म्हणत. चेष्टेत पडलेलं नाव पुढे अंगाला चिकटलं, आणि आता रागावली की त्याची बायकोसुद्धा तेच वापरायची. काम तसंच होतं त्याचं. मुख्य नट आजारी पडला, त्याची गाडी चुकली, त्याचा घसा बसला, तर त्याच्या जागी उभं राहायचं. त्यासाठी सगळी भूमिका तोंडपाठ ठेवायची आणि प्रत्येक प्रयोगाला विंगेत हजर राहायचं. अडचण एवढीच होती की मुख्य नट आजारी पडत नव्हता. त्याची गाडी चुकत नव्हती. घसा तर असा ठणठणीत, की आदल्या दिवशी लाइटवाल्यावर मनसोक्त ओरडूनही दुसऱ्या दिवशी त्याची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची.

ह्या मुख्य नटाला सगळे ‘राजे’ म्हणत. ते नाव चेष्टेतलं नव्हतं. ते समोरून आले की माणसं भिंतीला चिकटून वाट द्यायची.

राजे माणूस म्हणून कसे होते, ते कंपनीत कोणालाही विचारा. कपाचा कान उजवीकडे नसला तर चहा परत जायचा, आणि कधी कधी कप हवेतून जायचा. एका नवख्या नटीला त्यांनी तालमीत सगळ्यांदेखत असं सोलून काढलं होतं की ती नाटकच सोडून गेली. पुढे कोणी तिचा विषय काढला तर राजे विचारायचे, “कोण ही?” दोन बायका झाल्या होत्या, दोघीही निघून गेल्या होत्या. हे सगळं बाहेरच्या लोकांनाही ठाऊक होतं. तरी तिकीटखिडकी उघडायच्या आधी रांग लागायची. राखीवच्या पोटात दुखायचं ते त्या रांगेनं.

कारण राखीव सज्जन होता, आणि आपण सज्जन आहोत ह्याचं त्याला जरा जास्तच भान होतं. वेळेवर यायचा, सगळ्यांना अहोजाहो करायचा, आणि ‘माफ करा, चुकलं’ हे तर त्याच्या जिभेच्या टोकावरच बसलेलं असायचं. दाराला धक्का लागला तर हा दाराची माफी मागेल, असं लाइटवाला म्हणायचा. इतकी वर्षं त्याचा असा समज होता की चांगुलपणा आत कुठेतरी साठत असतो, एक दिवस तो अभिनयातून बाहेर पडेल आणि लोक तोंडात बोटं घालतील. तो दिवस काही उजाडत नव्हता, आणि ह्या उर्मट माणसाचा मात्र रोजच्या रोज उजाडत होता. ह्यात न्याय कुठे बसला, ते राखीवला कोणीही समजावून सांगू शकलं नसतं.

नाटक बापलेकीचं होतं. पहिल्या अंकात बाप मुलीला घराबाहेर काढतो. “या घरात सावलीसुद्धा मला विचारून पडते,” असं म्हणतो आणि दार लावून घेतो. तिसऱ्या अंकात तोच बाप, म्हातारा, उसवलेल्या स्वेटरातला, तिच्या दारात येऊन उभा राहतो आणि एकच शब्द बोलतो. “चुकलो.” त्या एका शब्दावर अख्खं थिएटर मुसमुसायचं. जन्मात कोणाची माफी न मागितलेला हा माणूस, पण तो शब्द त्याच्या तोंडून असा यायचा, जणू आत्ताच सापडलाय आणि बाहेर काढताना दुखतोय. राजे परगावी असताना राखीवने एकदा तालमीत तो प्रवेश करून दाखवला होता. जीव ओतून केला होता. दिग्दर्शक म्हणाला, “छान. पाठ आहे.” ते बोलणं अजून त्याच्या छातीत रुतून बसलं होतं.

बायकोनंही काही कमी छळलं नव्हतं. पास फुकट मिळायचा म्हणून ती अधूनमधून प्रयोगाला यायची आणि दर वेळी डोळे सुजवून घरी जायची.

“तो माणूस कसा आहे तुला माहीत आहे ना?” त्याने एकदा जेवता जेवता विचारलं.

“तुम्हीच तर रोज सांगता.”

“मग रडतेस कशी?”

“रडताना कुठे आठवतं ते?” असं म्हणून तिने त्याला आणखी वाढलं.

त्याला जेवण गेलं नाही. बायको परक्या पुरुषावर भाळली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ही एका शब्दावर भाळली होती, आणि तो शब्द त्यालाही येत होता.

एका दुपारच्या प्रयोगाला ती गोष्ट घडली. तिसऱ्या अंकात राजेंना विंगेतल्या अंधारात घाईघाईने कोट उतरवून स्वेटर चढवावा लागायचा. तेवढ्या वेळात स्टेजवर मुलगी घर आवरत असायची. कपडे बदलून द्यायचं काम सुईताईंचं. कंपनीचे सगळे कपडे त्या शिवायच्या आणि सांभाळायच्या. वयानं राजेंच्या बरोबरीच्या, बोलायला कमी, हाताला चपळ. त्या दिवशी राजेंनी मनगटावरचं घड्याळ काढलं नव्हतं. स्वेटरची बाही घड्याळात अडकली. ताई ती सोडवायला गेल्या, आणि राजेंनी मोकळ्या हाताने त्यांना ढकललं. एक शब्द नाही, एक नजर नाही. वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. ताई मागे तोल जाऊन नेपथ्याला आधार द्यायला ठेवलेल्या लोखंडी वजनावर पडल्या. राजेंनी बाही ओढून घेतली, स्टेजवर गेले, दारात उभे राहिले.

“चुकलो,” राजे म्हणाले. त्या दिवशी तर असं म्हणाले, की पहिल्या रांगेतली माणसंसुद्धा तोंड लपवू लागली.

राखीव शेजारीच उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. पण प्रवेश चालू होता आणि त्याचे ओठ राजेंच्या बरोबरीने हलत होते, नेहमीसारखे. प्रवेश संपला, टाळ्या पडल्या, तेव्हा कुठे तो खाली वाकला. ताई जमिनीवर बसून एका हाताने दुसरं मनगट मांडीत धरून होत्या.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातल्यावर ताई सरळ कंपनीच्या मालकीणबाईंकडे गेल्या. मागणं साधं होतं. राजेंनी सगळ्यांसमोर कबूल करावं आणि माफी मागावी. राजे म्हणाले, बाई अंधारात घसरली, माझा काय संबंध? दिग्दर्शकाने मधे पडून मालकीणबाईंना समजावलं, की कलावंत वेगळा आणि माणूस वेगळा, लोक तिकीट काढतात ते कलावंताचं. मालकीणबाई मात्र बाईमाणूस होत्या आणि तोंडावर बोलणाऱ्या होत्या.

“हात उचलला असेल तर राजे असोत नाहीतर आणखी कोणी, माझ्या कंपनीत राहणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मला खरं कळलं पाहिजे. बघितलं कोणी?”

बघितलं होतं एकट्या राखीवने. आणि राजे गेले तर त्या जागी येणार होता एकटा राखीवच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही दोन्ही वाक्यं कंपनीत सगळ्यांच्या तोंडी झाली.

ताईंनी त्याला कपड्यांच्या खोलीत बोलावून घेतलं. खोलीला एकच खिडकी, तिच्याखाली इस्त्रीचं टेबल, आणि दोरीवर ओळीने टांगलेले राजेंचे कोट.

“जे बघितलंत ते सांगा,” ताई म्हणाल्या. “जास्त नको, कमी नको.”

“ताई, अगदी निश्चिंत राहा. शब्दाला शब्द.”

ताई चहा सांगायला गेल्या तेव्हा त्याने दोरीवरचा तो उसवलेला स्वेटर काढून अंगाला लावून पाहिला. मापाचाच होता. त्याच्या मनात दोन गोष्टी एकदमच होत्या. ताईंना न्याय मिळावा असं त्याला खरोखर वाटत होतं, आणि राजेंचं वाटोळं व्हावं असंही खरोखर वाटत होतं. दोन्हींचा रस्ता एकच निघाला, ह्याचा त्याला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

घरी आरशासमोर उभा राहून तो साक्ष बोलून पाहू लागला. “राजेंनी ढकललं. ताई पडल्या.” संपलंच की. पुन्हा म्हणून पाहिलं, जरा आवाज खाली नेऊन. तरी संपलं. इतक्या वर्षांचा अपमान, ताईंचं मनगट, त्या माणसाचा सगळा माज, आणि हे एवढ्याशा दोन वाक्यांत? ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायला नको? त्याने ‘ढकललं’च्या आधी थोडं थांबून पाहिलं. बरं वाटलं. मग नजर घड्याळाकडे नेऊन पाहिली. आणखी बरं वाटलं.

“साक्षीला चाललात की तालमीला?” बायको दारातून म्हणाली.

“तुला नाही कळायचं.”

“मला एवढंच कळतं, की खऱ्याला तालीम लागत नाही.”

त्याने आरशातूनच तिच्याकडे रागाने पाहिलं. राजेंवर रडणाऱ्या बाईने आपल्याला खरं-खोटं शिकवावं, ह्याचीच त्याला चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मालकीणबाई, दिग्दर्शक, लाइटवाला, मुलीचं काम करणारी नटी, सगळे होते. राजे पायावर पाय टाकून चहा पीत होते. कपाचा कान उजवीकडे होता.

ताईंनी चार वाक्यांत सांगितलं. राजेंनी एका वाक्यात नाकारलं. दिग्दर्शकाने पुन्हा आपलं ते कलावंत-माणूस सुरू केलं, तेव्हा ताई म्हणाल्या, “मान्य. दोघं वेगळे. मग मला ढकललं दोघांपैकी कोणी? त्याला बोलवा, मी दुसऱ्याला काही म्हणत नाही.”

लाइटवाल्याला हसू फुटलं. मालकीणबाईंनी मान डोलावली. पारडं ताईंकडे झुकलं होतं, हे राखीवलाही दिसलं. आता उठायचं, दोन वाक्यं म्हणायची आणि बसायचं, एवढंच उरलं होतं.

“राजेंनी ढकललं,” तो बसल्या जागेवरून म्हणाला. “मी शेजारीच होतो.”

“कसं ढकललं?” दिग्दर्शक म्हणाला. “धक्का लागला की ढकललं? नीट दाखवा बरं.”

‘दाखवा’ म्हटल्यावर कोणता नट बसून राहील? राखीव उठला. एक रिकामी खुर्ची ओढून त्याने समोर ठेवली. त्या खुर्चीच्या ताई झाल्या. त्याने खांदे मागे नेले, हनुवटी वर केली, आणि हॉलमध्ये दुसरे राजे उभे राहिले. बाही अडकली. तो थांबला. सावकाश नजर मनगटावरच्या घड्याळाकडे नेली, तिथून खुर्चीकडे. ओठांवरचं हसू हळूहळू मावळलं. मग हात पुढे करून त्याने त्या नसलेल्या बाईचं मनगट धरलं, आणि हलकेच पिळलं. नटीने श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. तो आवाज राखीवने ऐकला आणि त्याला आणखी चेव आला. आता तोंडातून काहीतरी यायला हवं होतं, आणि आलंही. त्याला आणावं लागलं नाही. वर्षानुवर्षं विंगेत हललेले ओठ आपोआप हलले, आवाज तेवढा नवा होता.

“या घरात सावलीसुद्धा मला विचारून पडते!”

आणि त्याने ढकललं. खुर्ची आडवी झाली.

हॉल गप्प झाला. राखीवला ती शांतता चांगली ओळखीची होती. विंगेत उभं राहून त्याने ती किती तरी वेळा दुसऱ्याच्या वाट्याला जाताना ऐकली होती, आज पहिल्यांदाच ती त्याच्या वाट्याला आली होती. तो सुखावला. साक्ष, ताई, मनगट, सगळं विसरून नुसता सुखावून उभा राहिला.

“हे पहिल्या अंकातलं आहे,” दिग्दर्शक म्हणाला.



“राजे असं बोलले होते?” मालकीणबाईंनी विचारलं.

“नाही. म्हणजे... ते काहीच बोलले नव्हते.”

“मनगट धरून पिळलं होतं?”

त्याने ताईंकडे पाहिलं. ताई त्याच्याकडेच पाहत होत्या.

“नाही,” तो म्हणाला. “पण ढकललं होतं! ते खरं आहे! माफ करा, चुकलं माझं, पण तेवढं अगदी खरं आहे!”

“बाकी सगळं खोटं आणि तेवढं खरं होय?” मालकीणबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या.

“स्वेटर घालायचाय त्याला, दुसरं काय,” लाइटवाला पुटपुटला. पुटपुटला तो सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मालकीणबाई म्हणाल्या, एका बाजूने ताईंचा शब्द, दुसऱ्या बाजूने राजेंचा, आणि मधला साक्षीदार हा असला. अशा साक्षीवर मी कोणाला काढू शकत नाही. ताईंच्या उपचाराचं कंपनी बघेल. ताई उठल्या, चांगल्या हाताने पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि बाहेर गेल्या.

राखीव बाहेरच्या बेसिनवर तोंडावर पाणी मारत होता, तेवढ्यात मागे राजे येऊन उभे राहिले. आता हा माणूस आपल्याला फाडून खाणार, अशी त्याची खात्री होती.

“घड्याळाकडे बघून थांबलास ना,” राजे म्हणाले, “ते कुठून आणलंस?”

“सुचलं.”

“सुचलं!” राजेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर ठेवला नव्हता. “इतकी वर्षं तू विंगेत ओठ हलवतोस. मला वाटायचं, ह्याच्यात काही नाही. आहे रे तुझ्यात. मी ढकललं तेव्हा मला नाही हे सुचलं.”

राखीवने नळ बंद केला. “म्हणजे तुम्ही ढकललंत.”

“मग? तू होतास की तिथे.”

“मग आत का नाही सांगितलंत?”

“आत तुला बोलावलं होतं ना सांगायला,” राजे म्हणाले. “तुझं एवढं रंगलेलं, मी कशाला मधे तोंड घालू?” जाता जाता ते वळले. “ते मनगटाचं मी घेतो हं. पहिल्या अंकात. पोरीला बाहेर काढताना चपखल बसेल.”

संतापाने राखीवच्या कानशिलांत आग झाली. पण खरं सांगायचं तर त्या आगीच्या खाली, खोल कुठेतरी, ‘आहे रे तुझ्यात’ हे गुदगुल्या करत होतं, आणि त्याला ते हाकलून लावता येत नव्हतं. सज्जन माणसाने जन्मभर ज्या शाबासकीची वाट पाहिली ती अशी आली, बेसिनवर, आणि ह्या माणसाकडून.

पुढच्या प्रयोगाला तो विंगेत आपल्या नेहमीच्या जागी उभा होता. ताई काम सोडून, कपड्यांच्या खोलीची किल्ली नव्या बाईला देऊन निघाल्या होत्या. बाहेर जायचा रस्ता विंगेतूनच होता. पहिला अंक चालू होता म्हणून त्या आवाज न करता त्याच्यामागे येऊन थांबल्या. त्याला ते कळलंही नाही.

स्टेजवर राजे मुलीसमोर उभे होते. ते थांबले. सावकाश नजर मनगटावरच्या घड्याळाकडे नेली, तिथून मुलीकडे. हसू मावळलं. त्यांनी तिचं मनगट धरलं, हलकेच पिळलं, आणि ते वाक्य म्हणाले. राखीवने केलं होतं त्याहून ते कमी केलं होतं, आणि म्हणूनच कितीतरी वर गेलं होतं. अख्ख्या थिएटरने श्वास रोखला, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. आजवर ह्या जागी टाळी पडली नव्हती.

राखीवची छाती फुगली आणि त्याच क्षणी जळलीही. ती टाळी त्याची होती! त्याच्या डोक्यातून निघालेली, त्याच्या हातांनी घडवलेली, आणि पडली ती त्या माणसाच्या पदरात! कोणाला तरी सांगितलंच पाहिजे म्हणून तो गर्रकन वळला.

“बघितलंत? ते माझं...”

समोर ताई होत्या. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला.

“त्याने माझा हात धरला नव्हता,” ताई हळूच म्हणाल्या. “नुसतं ढकललं होतं. तेवढं पुरे होतं मला.”

दिवसभर दारांची आणि खुर्च्यांची माफी मागणाऱ्या माणसाला एकदा, निदान एकदा तरी तो शब्द मनापासून बोलायचा होता. त्याने मान खाली घातली, थोडा थांबला, आणि आवाज जरासा चिरकत बाहेर आला.

“चुकलो.”

त्याने तो स्वतःच्या कानांनी ऐकला. राजेंचाच तो विराम, तोच चिरका सूर, शेवटी तसाच सोडून दिलेला श्वास. एवढं हुबेहूब त्याला तालमीतही कधी जमलं नव्हतं.



“हे तिसऱ्या अंकातलं आहे,” ताई म्हणाल्या आणि त्याच्या बाजूने वाट काढून निघून गेल्या.

तो त्यांच्या मागे दोन पावलं गेला. तेवढ्यात स्टेजवर राजेंचं पुढचं वाक्य सुरू झालं, आणि राखीवचे ओठ हलू लागले.